छतावरचे पत्रे आणि चाळीस वर्षांची नोंद



आपल्या शाळेच्या जुन्या इमारतीवरचे सिमेंटचे पत्रे उन्हाळ्याच्या सुट्टीत काढून टाकावेत, असे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ठरले होते. खर्च वाचावा म्हणून बऱ्याच पालकांनी श्रमदानाची तयारी दाखवली. नववी-दहावीची मुले पत्रे खाली उतरवायला व तुकडे वेचायला मदत करणार होती. निघालेले पत्रे गोठ्यावर किंवा संडासावर टाकायला काही पालकांनी मागितले होते आणि आम्ही त्यांना होकारही दिला होता. त्यानंतर आम्हीच हे काम थांबवले. पुष्कळांना ते आवडले नाही. "सर, जुने पत्रे तर आहेत, त्यात एवढे काय?" असे अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा लेख. सर्वांनी शेवटपर्यंत वाचावा ही विनंती. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा शास्त्रीय शब्दांत कोठे चूक झाली तर सांभाळून घ्यावे.

हे पत्रे म्हणजे काय?

आपल्या भागात पूर्वी घरांवर, शाळांवर कवेलू असायचे. दर पावसाळ्याआधी ते फेरावे लागत, माकडांनी उड्या मारल्या की फुटत. पुढे बाजारात सिमेंटचे नाळीदार पत्रे आले. ते स्वस्त होते, गंजत नव्हते, आगीत जळत नव्हते. पांढुर्ण्याच्या जिनिंगवर, मंडीच्या शेडवर, सौंसर-बोरगावकडच्या गोदामांवर, शाळांच्या वऱ्हांड्यांवर ते चढले. आपल्या शाळेवर ते १९८७ साली बसले.

आपण त्यांना सिमेंटचे पत्रे म्हणतो, पण नुसत्या सिमेंटचा एवढा पातळ पत्रा टिकणार नाही. त्यात बळकटीसाठी अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असतात. मातीच्या भिंतीला तडा जाऊ नये म्हणून आपण गाऱ्यात कुटार मिसळतो, तसेच हे. साधारण दहा भागांत एक भाग अ‍ॅस्बेस्टॉस, उरलेले सिमेंट, राख वगैरे. ऑस्ट्रियाच्या लुडविग हात्शेक यांनी ही पद्धत शोधून १९०१ साली तिचे पेटंट घेतले. आपल्या मध्यप्रदेशात कटनी जिल्ह्यातील कैमोर येथे १९३४ मध्येच असे पत्रे बनवण्याचा कारखाना सुरू झाला होता. म्हणजे ही वस्तू आपल्या राज्याला नवी नाही.

अ‍ॅस्बेस्टॉस हे जमिनीतून निघणारे खनिज आहे. इतर दगड फोडला की त्याचे खडे होतात, हा दगड फोडला की कापसासारखे तंतू निघतात. त्याचे पांढरा, निळा व तपकिरी असे तीन प्रकार व्यापारात होते. पत्र्यांत मुख्यतः पांढरा वापरतात. एके काळी ही वस्तू फार गुणाची समजली जाई. आम्ही स्वतः विज्ञान शिक्षक होतो तेव्हा 'अग्निरोधक पदार्थ' म्हणून फळ्यावर पहिले नाव अ‍ॅस्बेस्टॉसचेच लिहीत होतो. प्रयोगशाळेत तिपाईवर ठेवायच्या तारेच्या जाळीच्या मधोमध जो पांढरा गोल असे, तोही अ‍ॅस्बेस्टॉसचाच असे.

धोका कशात आहे?

हा लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. अखंड, न हलवलेला पत्रा डोक्यावर असला म्हणून खाली बसलेल्या मुलाला लगेच काही होत नाही. त्यातील तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. धोका धुळीत आहे. पत्रा आरीने कापला, त्याला ड्रिलने भोक पाडले, हातोड्याने फोडला, तारेच्या ब्रशने घासला किंवा त्याचे तुकडे कोरड्या झाडूने झाडले, की ते तंतू सुटून हवेत येतात. पत्रा फार जुना झाला, वरचे सिमेंट झिजून खरखरीत झाले, तरीही थोडे थोडे तंतू सुटू लागतात.

जिनिंगमध्ये उडणारी रुई आपल्या डोळ्यांना दिसते. हे तंतू दिसत नाहीत. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पन्नास-शंभर तंतू शेजारी शेजारी मावतील, इतके ते बारीक असतात. त्यांना वास नाही, त्यांनी डोळे चुरचुरत नाहीत, लगेच खोकलाही येत नाही. श्वासाबरोबर ते फुप्फुसात खोल जातात. ते विरघळत नाहीत, आणि शरीर सगळे तंतू बाहेर टाकू शकत नाही.

त्यांच्यामुळे तीन मुख्य रोग होतात. पहिला अ‍ॅस्बेस्टॉसिस, म्हणजे फुप्फुस हळूहळू कडक होऊन दम लागणे. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला याचा धोका कितीतरी पटीने वाढतो. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार, पांढरासुद्धा, माणसात कर्करोग निर्माण करतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. तेथे लागलेला दगड त्याच क्षणी कळतो, रक्त दिसते, लोक दवाखान्यात नेतात. अ‍ॅस्बेस्टॉसची जखम साधारण वीस ते चाळीस वर्षांनी कळते. तोवर काम करणारा माणूस गाव बदलून गेलेला असतो, मालक बदललेला असतो आणि आजाराचा त्या जुन्या धुळीशी संबंध कोणी जोडत नाही.

एका पालकांनी आम्हाला सांगितले, "आमच्या आजोबांच्या काळापासून घरावर हेच पत्रे आहेत, आम्हाला काय झाले?" त्यांचे म्हणणे चूक नाही. धोका किती धूळ किती काळ श्वासात गेली यावर ठरतो. पत्र्याखाली राहणाऱ्यापेक्षा पत्रा कापणाऱ्याला धोका अनेक पटींनी अधिक असतो. म्हणून घाबरून जाऊन घरचे पत्रे उद्याच फोडून काढणे हा सर्वांत वाईट उपाय ठरेल.

जगात आणि आपल्या देशात काय घडले?

इंग्लंडच्या रॉशडेल गावी नेली केर्शॉ नावाची एक कामगार बाई अ‍ॅस्बेस्टॉसच्या गिरणीत सूत काढण्याचे काम करीत असे. ती १९२४ साली वयाच्या ३३ व्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसांची तपासणी करून डॉक्टर कुक यांनी वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. पुढे इंग्लंड सरकारने चौकशी केली आणि १९३१ मध्ये धुळीविरुद्ध नियम केले. तिकडे नियम झाल्यानंतर तीनच वर्षांनी आपल्या कैमोरचा कारखाना सुरू झाला, हे विद्यार्थ्यांनी सनावळीसह लक्षात ठेवावे.

इंग्लंडने १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस व युरोपीय संघाने २००५ पर्यंत अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आणली. वर्षानुवर्षे अ‍ॅस्बेस्टॉस निर्यात करणाऱ्या कॅनडानेही २०१८ मध्ये बंदी घातली. फ्रान्सचे 'क्लेमान्सो' नावाचे जुने लढाऊ जहाज तोडण्यासाठी गुजरातमधील अलंगला निघाले होते. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असल्यामुळे आपल्याकडे व तिकडे मोठा विरोध झाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये ते अर्ध्या वाटेतून परत बोलावले गेले. हे आपल्यापैकी पुष्कळांनी वर्तमानपत्रात वाचले असेल.

आपल्या देशात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आजही बनतात व दुकानात मिळतात. त्यासाठी लागणारे तंतू परदेशातून येतात. पण आपल्याकडे काहीच झाले नाही असे नाही. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी मोठा निर्णय दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. रोग सिद्ध झालेल्या कामगारास एक लाख रुपये भरपाई द्यावी असे म्हटले. आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद, तो कामावर लागल्यापासून किमान ४० वर्षे जपून ठेवावी, असा आदेश दिला. ही ४० वर्षे का, हे वर सांगितलेल्या वीस-चाळीस वर्षांवरून समजेल.

मुंबईच्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतील कामगारांची डॉ. व्ही. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी तपासणी केली. तिचा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या कामगारांत साधारण पाचातील एकाला अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. हे आपल्याच मराठी मुलखातले कामगार. त्यांच्यात कोकणातून, देशावरून, विदर्भातून पोटासाठी गेलेली माणसे असणार. परदेशांत असेही आढळले आहे की, नवऱ्याचे धुळीचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकांनाही हा रोग झाला.

शाळांच्या बाबतीत दोन उदाहरणे आहेत. अमेरिकेने १९८६ मध्ये खास शाळांसाठी कायदा केला. प्रत्येक शाळेने आपल्या इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस कोठे आहे हे तपासावे, त्याची योजना लिहून ठेवावी, दर तीन वर्षांनी पुन्हा तपासावे आणि पालकांना कळवावे, असे त्यात आहे. सरसकट सर्व काढून टाका असे त्यात नाही. आपल्याकडे केरळच्या राज्य मानवाधिकार आयोगाने २००९ मध्ये सरकारी शाळांवरील अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे टप्प्याटप्प्याने काढून तेथे कवेलू घालावेत असे सांगितले. आपण ज्या कवेलूंना जुनाट म्हणून उतरवले, तेच तेथे परत चढवायला सांगितले गेले.

आमची चूक

आता जे लिहितो आहोत ते लिहिणे सोपे नाही, पण लिहिले पाहिजे.

२००९ च्या जून महिन्यात, शाळा उघडण्याच्या आधी, मोठे वादळ झाले आणि जुन्या इमारतीवर झाड पडून वऱ्हांड्याचे पत्रे फुटले. आम्ही तेव्हा विज्ञान शिक्षक होतो. आम्हीच पुढाकार घेऊन दहावीची मुले बोलावली. मुलांनी तुकडे वेचले, झाडूने सगळा वऱ्हांडा झाडला, तुकडे बारीक करून मागच्या बाजूच्या खड्ड्यात टाकले. आमचे शिपाई काका अंगणात बसून नवे पत्रे आरीने कापत होते. त्यांच्या धोतरावर, केसांवर पांढरी धूळ बसली होती. आम्ही त्यांना हसत म्हटले होते, "काका, आज तुम्ही पिठाच्या गिरणीवरून आल्यासारखे दिसता." त्या वर्षीच्या याच पत्रिकेत आम्ही त्या श्रमदानाचे कौतुकही छापले. 'सुमारे वीस विद्यार्थ्यांनी परिश्रम घेतले' एवढेच लिहिले. त्यांची नावे लिहिली नाहीत.

यंदा श्रमदान थांबवण्याच्या आधी आम्ही शिपाई काकांच्या घरी जाऊन त्यांना सर्व सांगितले. आता ते सेवानिवृत्त आहेत, प्रकृती ठीक आहे. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "सर, मग हे अगोदर काऊन नाही सांगितलं?" आम्हाला माहीत नव्हते, हेच खरे उत्तर आहे. पण तोवर १९९५ चा निकाल येऊन चौदा वर्षे झाली होती, आणि विज्ञान शिकवणाऱ्याने ते माहीत करून घ्यायला हवे होते, हेही तितकेच खरे आहे.

त्या एका दिवसाच्या कामाने त्या मुलांना रोग होईल असे नाही. थोड्या वेळच्या धुळीचा धोका फार कमी असतो. त्यांनी घाबरून एक्स-रे काढण्याचीही गरज नाही. फुप्फुसात गेलेले तंतू एक्स-रेमध्ये दिसतही नाहीत. परंतु एखाद्याला पुढे आयुष्यात कधी दम लागण्याचा, छातीचा आजार झालाच, तर डॉक्टरांना सांगण्यासाठी ती गोष्ट त्याला माहीत असली पाहिजे. २००९ च्या त्या माजी विद्यार्थ्यांनी आपली नावे शाळेत येऊन लिहवून द्यावीत, अशी आमची मनापासून विनंती आहे. आणि विडी-सिगारेट ओढत असतील तर सोडावी.

शाळेत आता काय करणार?

आपल्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते. पन्नास वर्षांपूर्वी शिकून गेलेला माणूस जन्मतारखेसाठी येतो, आपण कपाट उघडतो आणि त्याची नोंद त्याला मिळते. त्याच कपाटात आता एक नवे रजिस्टर राहील, छताचे. आम्ही निवृत्त झालो, विश्वस्त बदलले तरी ते राहील. शाळा ही मुलांसाठी शिकण्याची जागा असली तरी शिक्षक, शिपाई, भोजन शिजवणाऱ्या ताई यांच्यासाठी ती कामाची जागा आहे, म्हणून कामाच्या जागेचे सर्व नियम तिला लागू समजावेत. आम्ही ठरवलेले नियम असे:

१. नोंद. प्रत्येक खोलीवर किती पत्रे, कोणत्या सालचे, कोणत्या अवस्थेत, हे लिहायचे. आम्ही मोजणी केली आहे. एकूण ११८ पत्रे आहेत, त्यांपैकी ९ तुटलेले किंवा तडकलेले, सर्व वऱ्हांड्यावरचे. प्रयोगशाळेच्या जुन्या जाळ्याही नोंदीत घेतल्या असून त्या वापरातून काढल्या आहेत.

२. खूण. वऱ्हांड्यात व जिन्याजवळ पाटी राहील: 'छतात अ‍ॅस्बेस्टॉस आहे. विचारल्याशिवाय भोक पाडू नये, कापू नये, वर चढू नये.'

३. सही. वायरमन, केबलवाला, रंगारी, टाकी साफ करणारा, कोणीही छताला हात लावण्याआधी रजिस्टर वाचून सही करील. वाचता येत नसेल त्याला शाळेचा माणूस वाचून दाखवील.

४. खिळा नाही. पंखा, दिवा, स्नेहसंमेलनाची तोरणे लोखंडी पाइपला किंवा अँगलला बांधायची. पत्र्याला भोक पाडायचे नाही.

५. झाडू नाही. पत्रा फुटलाच तर मुलांना दूर करायचे. तुकड्यांवर पाणी हलके शिंपडून ते ओले असतानाच उचलायचे, जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधायचे आणि जागा ओल्या फडक्याने पुसायची. फडकेही त्याच पिशवीत टाकायचे. हे काम मोठ्या माणसानेच, योग्य मास्क लावून करायचे. तोंडाला बांधलेला दुपट्टा किंवा कोरोनाच्या वेळचा कापडी मास्क हे तंतू अडवत नाही. त्यासाठी एफएफपी-३ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो.

६. तपासणी. पावसाळ्यापूर्वी, दिवाळीनंतर, आणि गारपीट किंवा वादळ झाल्यावर त्याच आठवड्यात, खालून शिडी लावून पाहायचे. संत्र्याच्या बागेला गार लागली की आपण दुसऱ्या दिवशी बाग पाहतो, तशीच छताची पाहणी करायची. दर तीन वर्षांनी पूर्ण पाहणी जाणकाराकडून करून घ्यायची.

७. चढू नये. हे पत्रे ठिसूळ असतात. त्यांच्यावर पाय ठेवून माणूस खाली पडणे हा या छताचा तात्काळ धोका आहे आणि त्यात जीव जातो. चेंडू वर गेला तरी कोणत्याही मुलाने किंवा शिपायाने चढायचे नाही. काम करणाऱ्यानेही फळ्या टाकून, कमरेला सुरक्षा पट्टा बांधूनच चढायचे.

तुटलेले पत्रे कसे काढायचे?

१०९ पत्रे चांगले आहेत. ते तूर्त राहतील, त्यांवर नजर राहील. वऱ्हांड्यावरचे ९ काढायचे आहेत. हे काम शाळा बंद असताना, वारा नसलेल्या सकाळी, बाहेरच्या माणसांना दोरी बांधून अडवून करायचे. आधी जवळची वीज बंद करायची. पत्रे पाण्याने ओले करायचे. हुक व बोल्ट सोडवायचे, गंजले असतील तर हुक कापायचा, पत्रा नाही. पत्रा अखंड उचलून दोघांनी खाली घ्यायचा, वरून टाकायचा नाही. खाली तो जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वर 'अ‍ॅस्बेस्टॉस' असे लिहायचे. काम करणाऱ्यांनी अंगावरचे कपडे तेथेच उतरवून, आंघोळ करूनच घरी जायचे. भारतीय मानक ब्युरोने या विषयावर मानके काढली आहेत. पत्र्यांच्या सुरक्षित वापरासाठी आयएस ११७६९ चा भाग १, आणि टाकाऊ मालासाठी आयएस ११७६८. ठेकेदाराशी करारात या दोन्हींचा उल्लेख राहील.

काढलेला माल नदीकाठी, नाल्यात, शेताच्या बांधावर किंवा रस्त्याच्या भरावात टाकायचा नाही. मध्यप्रदेशात धोकादायक कचऱ्याच्या विल्हेवाटीचे केंद्र धार जिल्ह्यात पीथमपूर येथे आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा कचरा २०२५ मध्ये तेथेच नेण्यात आला. आपला माल थोडा असला तरी त्याचे काय करायचे हे आम्ही प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारले आहे. उत्तर येईपर्यंत तो बांधून, कुलपात राहील. जुन्या खड्ड्यातले २००९ चे तुकडे उकरायचे नाहीत. त्यावर मातीचा जाड थर टाकून ती जागा रजिस्टरमध्ये नकाशासह नोंदवली आहे, म्हणजे पुढे कोणी तेथे पाया खोदणार नाही.

पालकांना विनंती

आपल्यापैकी कोणी जिनिंगमध्ये, कोणी बोरगावच्या कारखान्यांत, कोणी नागपूरला बांधकामावर, कोणी गॅरेजमध्ये काम करता. जेथे जुने सिमेंटचे पत्रे असतील तेथे कापायला, फोडायला सांगितले तर आधी विचारा की यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे का. हल्ली अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले फायबर-सिमेंटचे पत्रेही येतात आणि दिसायला दोन्ही सारखेच असतात. बिल, पत्र्यावरचा छाप पाहा. खात्री नसेल तर आहे असेच समजा. जुन्या ट्रक-मोटारींच्या ब्रेक लायनरमध्येही अ‍ॅस्बेस्टॉस असे, म्हणून ब्रेकच्या ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. धुळीचे कपडे घरी आणून झटकू नका, आणि मुलाबाळांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका.

ज्यांना शाळेचे जुने पत्रे हवे होते, त्यांची आम्ही क्षमा मागतो. गोठ्याला छत हवे, ही गरज खरी आहे. पण तो पत्रा बसवताना तुम्हीच कापणार, भोके तुम्हीच पाडणार, आणि धूळ तुमच्याच घरी जाणार. शाळेने आपली अडचण दुसऱ्याच्या अंगणात टाकणे योग्य नाही.

विश्वस्त मंडळींना विनंती

आमच्यासमोर दोन ठेकेदारांचे दर आहेत. एकजण पत्रे हातोड्याने फोडून एका दिवसात उतरवून देतो. दुसरा ओले करून, हुक सोडवून, गुंडाळून देतो. त्याला जास्त दिवस व जास्त पैसे लागतात. स्वस्त दर घेतला तर जो फरक वाचेल तो कोणाच्या तरी फुप्फुसातून वसूल होईल, आणि तो कोणीतरी बहुधा आपल्याच गावचा रोजंदारीचा मजूर असेल. तीस वर्षांनी तो आपल्याकडे हिशोब मागायलाही येऊ शकणार नाही. म्हणून दुसरा दर मंजूर करावा, आणि पुढच्या सत्रापासून 'छत निधी' वेगळा ठेवून उरलेले १०९ पत्रे टप्प्याटप्प्याने बदलावेत, असा प्रस्ताव आम्ही येत्या बैठकीत ठेवत आहोत. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, नवी कार्यालये व इमारती उभ्या राहत आहेत. जुन्या इमारती पाडतानाही ही काळजी घेतली जावी, याची सुरुवात आपल्या शाळेने करून दाखवावी.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. अखंड पत्रा व फुटलेला पत्रा यांच्या धोक्यात काय फरक आहे? चार-पाच ओळींत लिहा.

२. सर्वोच्च न्यायालयाने नोंद ४० वर्षे ठेवायला का सांगितले?

३. आपल्या घरावर, गोठ्यावर किंवा शेजारी कोणते छत आहे: कवेलू, टिन, स्लॅब की सिमेंटचा पत्रा? खालूनच पाहून, हात न लावता, एक तक्ता तयार करा. पत्रा असेल तर तो कोणत्या साली बसवला हे घरातील मोठ्यांना विचारा.

४. घरी आजोबा, काका किंवा आई-वडील यांपैकी कोणी पत्रे कापण्याचे, पाडकामाचे किंवा ब्रेकचे काम केले आहे का? विचारून घरच्या एखाद्या वहीत साल व ठिकाण लिहून ठेवा. ही वही शाळेत दाखवण्याची गरज नाही, पण ती जपून ठेवा.

छताचे रजिस्टर कार्यालयात ठेवले आहे. कोणत्याही पालकाला ते शाळेच्या वेळेत पाहता येईल. त्याच्या पहिल्या पानावर २००९ ची नोंद आम्ही स्वतःच्या हाताने लिहिली आहे. शिपाई काकांचे नाव, त्यांच्या संमतीने, पहिल्या ओळीत आहे. त्याखालच्या वीस ओळी रिकाम्या आहेत. त्या भरण्यास माजी विद्यार्थ्यांनी मदत करावी.

आपले,
प्राचार्य